किन्नो : चकचकीत सालीआडचे फळ

मार्गशीर्ष सरत आला की आपल्याकडील फळबाजारांत नागपुरी संत्र्यांच्या राशींशेजारी आणखी एका फळाच्या पेट्या उतरू लागतात. रंग संत्र्याहून गडद, साल अंगाशी चिकटलेली आणि गुळगुळीत, आकार वरून-खालून किंचित चपटा; आणि हातात घेतले तर आकाराच्या मानाने वजनदार. विक्रेता त्याला कधी ‘पंजाबचे संत्रे’ म्हणतो, कधी ‘रसाचे संत्रे’. त्याचे खरे नाव किन्नो. रसवाल्यांच्या गाड्यांवर थंडीभर त्याच्याच माळा लटकलेल्या असतात.

इतका परिचय होऊनही हे फळ आले कोठून, त्याचा रस थोड्या वेळाने कडू का होतो आणि त्याच्या सालीवर ती आरशासारखी चकाकी कशामुळे येते, हे आपल्या घरांतून क्वचितच विचारले जाते. यांतील शेवटचा प्रश्न केवळ चवीचा नाही; तो आपल्या आचारधर्माशी निगडित आहे. म्हणून या फळाची ही सविस्तर ओळख.

दोन कुळांचा संगम

लिंबूवर्गीय फळांचे कुळ मोठे मिश्र आहे. आधुनिक आनुवंशिक अभ्यासांतून असे दिसून आले आहे की आज आपण खातो ती या कुळातील बहुतेक फळे थोड्याच मूळ जातींच्या संकरातून निर्माण झाली. त्या मूळ जातींत पपनस, महाळुंग आणि रानटी संत्रे या तीन प्रमुख. पपनस व संत्रे यांच्या मिश्रणातून मोसंबीचे कुळ आले. आपले कागदी लिंबूही महाळुंगाचे वंशज. या कुळाचे माहेर हिमालयाच्या पूर्व पायथ्यापासून, म्हणजे आपल्या ईशान्य भारतापासून, ब्रह्मदेश व दक्षिण चीनपर्यंत पसरलेले मानले जाते.

यातील महाळुंग आपल्या परंपरेला अपरिचित नाही. संस्कृतात त्याला मातुलिंग किंवा बीजपूरक म्हणतात. भगवान ऋषभदेवांचा शासनयक्ष गोमुख याच्या मूर्तिलक्षणांत हातातील बीजपूरकाचा उल्लेख येतो. जुन्या मंदिरांत गोमुख यक्षाची मूर्ती पाहण्यात आली, तर त्याच्या हातातील फळाकडे जरूर लक्ष द्यावे.

निसर्गात असे संकर वारा आणि मधमाश्या यांच्या योगाने सहस्रावधी वर्षे घडत आले. किन्नोचा संकर मात्र माणसाने हेतुपुरस्सर केलेला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात रिव्हरसाइड येथे लिंबूवर्गीय फळांचे संशोधन केंद्र आहे. तेथे हॉवर्ड फ्रॉस्ट या शास्त्रज्ञाने १९१५ साली ‘किंग’ आणि ‘विलो लीफ’ या संत्र्याच्या दोन जातींचा संकर केला. किंग ही इंडोचायनाकडील, मोठ्या फळाची जात; विलो लीफ ही भूमध्य समुद्राकाठची, अरुंद पानांची आणि सुगंधी रसाची. एकीचा पराग दुसरीच्या फुलावर ठेवणे हे काम काही क्षणांचे; पण त्यातून धरलेल्या बियांची रोपे वाढविणे, त्यांना फळे येईपर्यंत थांबणे, आलेली फळे वर्षानुवर्षे पारखणे यांत वीस वर्षे गेली. १९३५ साली हा वाण शेतकऱ्यांच्या हाती देण्यात आला. किंग आणि विलो या दोन्ही नावांचे अंश त्याच्या नावात उतरले आहेत. याच संकरातून निघालेले त्याचे भावंड ‘विल्किंग’ या नावाने ओळखले जाते.

जन्मभूमीत या फळाचे विशेष नाव झाले नाही. भाग्य उजळले ते पंजाबात. १९४० च्या सुमारास त्याची रोपे लायलपूरच्या, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या, कृषी महाविद्यालयात आली. फाळणीनंतर १९५० च्या दशकात भारतीय पंजाबातील अबोहरच्या फळसंशोधन केंद्रात त्याची लागवड सुरू झाली. तेथील कोरडी हवा, कालव्याचे पाणी, दिवसाचे स्वच्छ ऊन आणि हिवाळ्यातील कडक थंड रात्री त्याला मानवल्या. आज अबोहर-फाजिल्का, होशियारपूर, हरियाणातील सिरसा आणि राजस्थानातील श्रीगंगानगर हे किन्नोचे प्रमुख प्रदेश आहेत. आपल्यापैकी ज्या कुटुंबांची मुळे राजस्थानात आहेत, त्यांना गंगानगरचा पूर्वेतिहास ठाऊक असेल. १९२७ साली महाराजा गंगासिंह यांनी सतलजचे पाणी गंगनहरीने आणण्यापूर्वी तो मुलूख जवळजवळ वाळवंटच होता. आज तेथूनच मालमोटारी भरून रसाळ फळ महाराष्ट्रात येते.

संत्रे आणि किन्नो

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याच्या स्वादाची बरोबरी करण्याचा किन्नोचा दावाही नाही. दोघांचे गुण निरनिराळे आहेत. संत्र्याची साल सैल, नखाने सहज सुटणारी. म्हणूनच ते प्रवासात लवकर दबते. किन्नोची साल पातळ पण घट्ट असल्याने ते लांबचा प्रवास सोसते. संत्र्याची फोड मऊ व सौम्य गोड. किन्नोची चव अधिक ठसठशीत, आंबटगोड, आणि रस विपुल.

हंगामाचाही एक सोयीचा मेळ आहे. विदर्भात संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. किन्नो डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत भरात असते. म्हणजे एका बहाराचा उतार आणि दुसऱ्याचा आरंभ यांमधील काळ ते भरून काढते.

किन्नोत बिया पुष्कळ असतात, त्यामुळे ‘हे बहुबीज तर नव्हे?’ अशी शंका काही श्राविका विचारतात. बहुबीज म्हणून वर्ज्य मानलेल्या फळांत बियांमध्ये पडदा नसून त्या एकमेकींस लागून असतात. लिंबूवर्गीय फळांत प्रत्येक पाकळीला स्वतंत्र आवरण असते आणि बिया त्या आवरणांच्या आत विभागलेल्या असतात. आपल्या घरांत संत्रे-मोसंबी परंपरेने चालतात, त्यांच्याच पंक्तीत किन्नो बसते. तथापि ज्यांनी विशेष नियम घेतले असतील, त्यांनी आपल्या गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घ्यावे. आता पंजाब कृषी विद्यापीठाने अत्यल्प बियांचा किन्नो वाणही विकसित केला आहे.

रस कडू का होतो?

किन्नोची फोड गोड लागते, पण त्याचाच रस काढून दोन-चार तास ठेवला तर जिभेवर कडवटपणा रेंगाळतो. गृहिणी म्हणतात, फळच खराब निघाले. वस्तुतः फळ निर्दोष असते. कारण रसायनात आहे.

किन्नोच्या बियांत आणि पाकळ्यांच्या पडद्यांत लिमोनिन नावाच्या कडू द्रव्याचे एक पूर्वरूप असते. ते स्वतः कडू नसते. फळ अखंड असते तोवर ते आपल्या पेशींत बंद असते आणि रसातील आम्लाशी त्याची गाठ पडत नाही. बिया भरडल्या गेल्या, पडदे चिरडले गेले की ते रसात उतरते आणि आम्लाच्या सहवासात हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतरित होते. रस जितका अधिक वेळ राहील तितका कडूपणा वाढतो. तापविला तर तो अधिकच त्वरेने वाढतो. किन्नोचा रस बाटलीबंद करताना कारखानदारांपुढे हीच मोठी अडचण उभी राहते.

ज्याचा वर्ण, गंध, रस पालटला ते चलितरस आणि ते अभक्ष्य, असा दंडक आपल्या पूर्वाचार्यांनी घालून दिला. हे फळ त्या दंडकाचे प्रमाण प्रत्यक्ष जिभेवर देते. किन्नोचा रस साठविण्याची वस्तू नाही. काढावा आणि लगेच घ्यावा.

काढण्याची रीतही महत्त्वाची आहे. सोललेल्या पाकळ्या मिक्सरमध्ये फिरवू नयेत. बियांचा चुरा होतो आणि कडूपणा हमखास येतो. फळ आडवे कापून हातदाबाच्या साध्या यंत्रावर हलक्या हाताने पिळावे, शेवटचा थेंब काढण्याचा आग्रह धरू नये, आणि रस लगेच गाळून घ्यावा.

सचित्तत्यागी श्रावकांनी मात्र रसाऐवजी फोडी घ्याव्यात. बिया वेगळ्या केल्यावर दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, थांबण्याचा त्यांचा नियम असतो. तेवढ्या अवधीत अलगद सोललेल्या पाकळीची गोडी टिकून राहते, कारण तिच्यातील पेशी बहुतांशी अखंड असतात. पाकळीची पाठ कात्रीने किंचित उघडून बिया काढल्या की काम सुकर होते.

चकाकीचा प्रश्न

बागेतून तोडलेल्या किन्नोला स्वतःचे नैसर्गिक मेण असते. पंजाबातील प्रतवारी केंद्रांत फळे धुतली जातात, तेव्हा ते निघून जाते आणि फळातील ओलावा उडू लागतो. फळ सुकू नये, दूरच्या बाजारापर्यंत टिकावे आणि डोळ्यांत भरावे म्हणून त्यावर मेणाचा पातळ लेप देऊन ते वाळविले जाते. फळबाजारातील चकाकी बहुधा या लेपाची.

या लेपात बेकायदेशीर काही नाही. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमावलीत ताज्या फळांसाठी तीन मेणांना मुभा आहे : मधमाश्यांचे मेण, कार्नौबा मेण आणि शेलॅक. त्याबरोबर वेष्टनावर मेणाचे नाव लिहिण्याची अटही आहे. पण या तिघांचे उगम एकसारखे नाहीत. कार्नौबा हे ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांवरून मिळते. ते वनस्पतिज आहे. मधमाश्यांचे मेण पोळ्यापासून काढले जाते. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या डहाळ्यांवर लाखेचे कीटक दाटीने वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच रचतात. डहाळ्या तोडून ते कवच खरवडले जाते, तेव्हा आतील असंख्य जीवांचा घात होतो.

आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाला वर्ज्य अशी जी पंधरा कर्मादाने सांगितली, त्यांत ‘लाक्षावाणिज्य’ म्हणजे लाखेचा व्यापार स्पष्टपणे आला आहे. ज्या वस्तूचा व्यापार आपल्या पूर्वजांनी लाभ दिसत असूनही नाकारला, तिचा लेप आज फळाबरोबर आपल्या स्वयंपाकघरात येत असेल, तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही आपल्याकडे आहेत. साल आपण खात नाही, गर निर्लेप असतो, हे खरे. परंतु आपला विचार केवळ खाण्यापुरता कधीच नव्हता. करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींचा तो विचार आहे. मागणी हेही एक अनुमोदनच.

मग काय करावे? पहिली गोष्ट, घाऊक पेटी घेताना वेष्टनावरील मजकूर वाचावा आणि मेणाचे नाव विचारावे. किरकोळ गाडीवाल्याला ते ठाऊक नसेल, कारण पेटीवरची चिठ्ठी त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. आडत्याला मात्र विचारता येते. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे स्वतः बाजारपेठेत आहेत. दहा व्यापाऱ्यांनी ‘वनस्पतिज मेणाचाच माल पाठवा’ किंवा ‘लेप न दिलेला माल पाठवा’ असे सांगितले, तर तो संदेश अबोहरपर्यंत जाण्यास वेळ लागणार नाही. दुसरी गोष्ट, लेप न दिलेले फळ दिसावयास मंद असते, त्यावर एखादा डाग असतो आणि ते थोडे लवकर सुकते. म्हणून त्याला कमी लेखू नये. फळ हातात तोलून पाहावे. जड असेल तर रस आहे. तिसरी गोष्ट, मेणाची खात्री नसेल तेव्हा साल कोणत्याही पदार्थात वापरू नये. थंड पाण्याने हा लेप पूर्ण निघत नाही.

घरातील आस्वाद

किन्नोच्या ताज्या रसाला साखरेची गरज नसते. चिमूटभर सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की तो पूर्ण होतो. आल्याऐवजी सुंठेची चिमूट घालावी. थंडीत ती प्रकृतीलाही मानवते. हिवाळ्यात सूर्यास्त लवकर होतो, म्हणून चौविहाराच्या घरांत हा रस दुपारच्या वेळी घेणे सोयीचे.

कोशिंबिरीसाठी पाकळ्यांचे पडदे आणि बिया काढून गर मोकळा करावा. त्यात बारीक चिरलेली काकडी, डाळिंबाचे दाणे, सैंधव आणि मिरपूड घालावी. ही कोशिंबीर वाढण्याच्या क्षणी कालवावी, अन्यथा पाणी सुटते. दही घालावयाचे असल्यास द्विदलाचा दोष टाळण्यासाठी भिजविलेली डाळ किंवा मोड आलेले कडधान्य त्यात मिसळू नये. शिऱ्यात हा गर घालावयाचा असेल तर शिरा उतरवून किंचित निवल्यावर घालावा. उकळत्या पदार्थात घातला तर आधी सांगितलेला कडूपणा डोके वर काढतो.

किन्नो निवडताना पूर्ण केशरी रंगाचा हट्ट नको, पण फळ पक्व असावे. लिंबूवर्गीय फळे तोडल्यानंतर आंब्या-केळ्यांसारखी पिकत नाहीत. आंबट तोडलेले फळ घरात ठेवून गोड होत नाही.

अंगणात आणि शेतात लागवड

बी पेरून किन्नोचे रोप तयार होते. पण त्याला फळ धरावयास बरीच वर्षे लागतात आणि काटेही फार येतात. म्हणून डोळा भरलेले कलमच घ्यावे. जंभेरीच्या खुंटावर किन्नोचा डोळा टी आकाराची चीर देऊन बसविलेला असतो. अशा कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरू लागते. कलम मान्यताप्राप्त रोपवाटिकेतून घ्यावे आणि जोड जमिनीपासून वीतभर तरी वर असल्याची खात्री करावी. लावताना हा जोड मातीत गाडला जाता कामा नये. जोडाच्या खाली फुटणारे कोंब जंभेरीचे असतात. ते कोवळे असतानाच काढावेत, नाहीतर काही वर्षांत किन्नो नाहीसे होऊन जंभेरीच उरते.

गच्चीवर लावण्यासाठी अर्धा पिंप किंवा किमान दीड फूट व्यासाची कुंडी घ्यावी. तळाला पाण्याच्या निचऱ्यासाठी पुरेशी छिद्रे असावीत. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत हे मिश्रण पुरेसे आहे. येथेही सावध राहावे. रोपवाटिकेतील तयार मिश्रणांत आणि ‘फुलाफळांच्या’ खतांत पुष्कळदा हाडांचा चुरा असतो. विचारूनच घ्यावे, त्याऐवजी निंबोळी पेंड आणि खनिज स्फुरद वापरता येते. झाडाला दिवसातून सहा तास तरी थेट ऊन हवे. वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. साचलेले पाणी हा या कुळाचा मोठा शत्रू.

शेतात लागवड करावयाची असल्यास सहा मीटर बाय सहा मीटर अंतर ठेवतात; म्हणजे एकरी सुमारे ११० झाडे बसतात. पाणी खोडाला लागू नये म्हणून खोडाभोवती मातीचा लहान उंचवटा आणि त्याबाहेर आळे, अशी दुहेरी आळ्याची पद्धत वापरावी. पावसाळ्यापूर्वी खोडाला बोर्डो मलम लावण्याची विदर्भातील बागाईतदारांची रीत येथेही उपयोगी पडते : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. उत्तम रंग व गोडीसाठी थंड रात्री आवश्यक असल्याने कोकणच्या दमट हवेपेक्षा विदर्भ-खानदेशातील हवा या झाडाला अधिक अनुकूल. थंडी कमी पडली तर फळ पिकूनही साल हिरवट राहते.

किन्नोचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा. एका वर्षी झाड फळांनी लगडते आणि पुढच्या वर्षी रिते राहते. वाटाण्याएवढी फळे असतानाच काही विरळ केली तर फांद्या मोडत नाहीत आणि पुढील वर्षाचा बहारही राहतो.

कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, पुढे हिरवी होणारी अळी हमखास येते. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. औषध फवारण्याआधी थोडा विचार करावा. मोठ्या झाडाला तिच्यापासून विशेष हानी नसते. लहान कलमावर मात्र नवी पालवी फुटण्याआधीच बारीक जाळीचे आच्छादन घातले तर फुलपाखरू अंडीच घालू शकत नाही, आणि जीवघाताचा प्रसंगच येत नाही. तरीही अळी दिसली तर ती ज्या पानावर आहे त्या पानासकट उचलून कढीपत्त्याच्या किंवा बेलाच्या झाडावर ठेवावी. ही झाडे त्याच कुळातील असल्याने ती तेथे जगते.

तोडणी

किन्नो झाडावरून ओढून काढू नये. ओढल्याने देठाजवळची साल फाटते, तेथून कूज शिरते आणि डहाळीही दुखावते. देठ कात्रीने फळालगत कापावा. लेश्यांचे स्वरूप समजाविताना आपल्याकडे जांभळाच्या झाडाची आणि सहा वाटसरूंची कथा सांगतात : एकाला फळासाठी झाड मुळापासून तोडावेसे वाटते, कोणाला फांद्या, कोणाला घोस, आणि शेवटचा गळून पडलेल्या फळांवरच समाधान मानतो. ही कथा पाठशाळेत मुलांना चित्रावरून शिकविली जाते. घरात एक झाड आणि हातात एक कात्री असेल, तर ती त्यांना करून दाखविता येईल.

हे लगेच शक्य नसेल, तर या हिवाळ्यात किन्नोची पहिली पेटी घेताना आडत्याला एवढेच विचारावे : ‘यावर मेण कोणते आहे?’ आपल्या माणसांनी हा प्रश्न वारंवार विचारला, तर त्याचे उत्तर पेटीवर ठळक अक्षरांत छापले जाईल.